तिसरा डबा

शनिवार, २९ ऑक्टोबर १९८३

नऊला पुलावर. व्हार्गो, स्लॅटरीचा कोच, आधीच येऊन उभा. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, वारा असा झोंबणारा, आणि कोटाची बटणं उघडी! डोक्यावर तीच लोकरीची टोपी.

रीत जुनी आहे. फुटबॉलच्या सामन्याच्या आठवड्यात स्लॅटरीचं कुणी अलीकडे येत नाही, कोव्हल्टनचं कुणी पलीकडे जात नाही. फिल्मचे डबे पुलाच्या बरोब्बर मध्यावर बदलायचे. मागचे दोन सामने त्यांचे, मागचे दोन आमचे. दोनच.

त्याने तीन डबे पुढे केले.

"दोनच ठरलेत, कोच."

"हाही घे, चोपन्न."

त्याच्या हाताखाली खेळलो त्याला एकोणीस वर्षं झाली. आता नदीच्या दुसऱ्या बाजूला नोकरी करतो, त्याला हरवण्यासाठी पगार घेतो. तरी मी चोपन्नच. आपल्या जुन्या खेळाडूंना तो पाठीवरच्या आकड्यानेच हाक मारतो. स्लॅटरीचा न्हावी एकतीस आहे. पाद्री अठरा.

"पण हा कुठला सामना?"

"घे म्हटलं ना." झाकणावर बोटाने दोनदा टकटक केलं. मग वळला, चार पावलं गेला, थांबला. "इर्माला सांग मी पोचलो म्हणून."

इर्मा त्याची बायको. त्याच्याच घरात, त्याच्याच बाजूला! मी हसलो. तो हसला नाही.

तिसऱ्या डब्यावर काही लिहिलेलं नाही. कडेने पांढरी चिकटपट्टी, गच्च. हलका आहे. अर्धवट फिल्म असणार, चुकून उचललेली. चुकून हातात आलेलं उघडायचं नाही, हेही त्यानेच शिकवलेलं. गाडीच्या डिकीत जादा चाकाखाली ठेवला. माझ्या साहेबाला, डॉमला दिसला तर तो दातांनी उघडेल. सामना झाला की परत देईन.

रविवार, ३० ऑक्टोबर

चर्चहून थेट शाळेच्या तळघरात. बॉयलरशेजारची खोली, खिडकी नाही. प्रोजेक्टर, भिंतीवर चादर, शंभर कोरी कार्डं. आठवडाभर मी मुलांना कविता शिकवतो आणि रविवारी इथे बसून समोरचा संघ वाचतो. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं — कोणत्या प्रयत्नाला ते काय करतात, चेंडू डावीकडे असला तर काय, एकच यार्ड उरला तर काय. एका चालीला एक कार्ड. फिल्म पुढे, मागे, पुन्हा पुढे. अकरा माणसं उलटी धावतात, उठून उभी राहतात, पुन्हा पडतात.

व्हार्गोच्या चाली मला पाठ आहेत. तीस वर्षांत त्याने चारसुद्धा बदललेल्या नाहीत. त्याच्या खिशात एक कार्ड असतं, त्यावर सुरुवातीच्या बारा चाली आधीच लिहिलेल्या. बारा संपल्या की कार्ड खिशात, आणि मग तो मैदान बघून खेळतो. ते त्याचं खरं काम. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला गवत ऐकू येतं. (तेव्हा तो पन्नाशीचा होता!)

पहिली फिल्म. तिसऱ्या भागात, तिसरा प्रयत्न, एक यार्ड बाकी. अशा वेळी तो मधून घुसतो. कायम! इथे लांब पास. चेंडू लांब कुठेतरी पडला. गेल्या आठवड्यात पेपरात आलं होतं — 'व्हार्गोचं धाडस'. धाडस? त्याचं? मी फिल्म सहा वेळा मागे नेली. बाजूच्या रेषेवर तो दिसतो. हातात कार्ड. तिसऱ्या भागात हातात कार्ड का?

कार्डं जमिनीवर मांडली. पहिल्या बारा चालींची एक ओळ. खाली मध्यंतरानंतरच्या बारांची.

त्याच.

त्याच क्रमाने. बाराच्या बारा. यार्ड किती उरलेत, चेंडू कुठे आहे, कशाचा काही संबंध नाही. लांब पास सातवी चाल होती म्हणून सातव्या जागी लांब पास.

दुसरी फिल्म नंतरच्या आठवड्याची. तिच्यात बारा चाली तीन वेळा येतात.

कार्डांमध्ये बसून राहिलो. बॉयलर मधूनमधून खाकरत होता. पोरं चांगली आहेत, दणकट आहेत. चुकीची चालही रेटून नेतात. म्हणून जिंकताहेत, म्हणून कुणाला दिसत नाही. बघणाऱ्याला एक सामना दिसतो. जमिनीवर मांडल्यावरच हे दिसतं. आणि जमिनीवर मांडणारा मी एकटा.

मांडायला त्यानेच शिकवलं.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

डॉम फेरांते सकाळीच वर्गाच्या दारात. आमचा मुख्य कोच, एकतीस वर्षांचा, माझा साहेब.

"काय प्रोफेसर, म्हाताऱ्याच्या पोतडीत काय सापडलं?"

"नेहमीचंच."

"नेहमीचंच काय? मला दात दे. चावायचे दात!"

"उद्यापर्यंत थांब."

"अरे, शुक्रवारी जिंकलो तर पुढची फेरी. हरलो तर पोरं शनिवारपासून बास्केटबॉल खेळणार. सोल्टिसचं काय ते तुला माहीत आहे."

माहीत आहे. बर्नी सोल्टिस आमच्या बचावाचा कणा. बाप कामाला होता ती पोलादाची भट्टी मार्चमध्ये बंद झाली. शिष्यवृत्तीसाठी खेळाडू निवडणारा कॉलेजचा माणूस येणार तो पुढच्या फेरीलाच. बर्नीला या खोऱ्यातून बाहेर काढणारं दार ते एकच. बाकीची दारं कारखान्याला होती, ती गेली.

एका ओळीचं काम आहे. 'बारानंतर पुन्हा पहिलीपासून.' एवढं लिहिलं की शुक्रवारी बर्नी त्यांच्या आधी त्यांच्या जागी उभा असेल. आणि शनिवार सकाळपर्यंत साऱ्या खोऱ्याला कळलेलं असेल — का. डॉमच्या तोंडात तीळ भिजत नाही. लोक व्हार्गोला न्हाव्याच्या दुकानात विचारतील, कोच, आज कुठला वार?

घरीही बोलायची सोय नाही. माझी बायको हेलन इर्माची सख्खी भाची.

संध्याकाळी हॅलोविनची मुलं मुखवटे घालून, खाऊ मागत दारात आली. सगळी गोळ्या-चॉकलेटं एकाच पोराच्या पिशवीत ओतली. हेलन म्हणाली, लक्ष कुठे आहे तुझं?

मंगळवार, १ नोव्हेंबर

डॉमला कागद दिला. सुबक. टक्केवारी, बाण, रकाने. एकही आकडा खोटा नाही. ती ओळ नाही.

संध्याकाळी सराव. आमची दुसऱ्या फळीची पोरं पिवळे सदरे घालून स्लॅटरी झाली. मी कार्ड वर धरायचं, त्यांनी ती चाल खेळायची. व्हार्गो मीच. बर्नीने आठांपैकी सहा वेळा चेंडूवाल्याला आडवा केला. चिखल पुसत आला. "सर, एवढंच?"

"एवढंच."

"मग जिंकलो आपण!"

त्याच्या दातांतही चिखल होता.

बुधवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. दफनभूमी आमच्या बाजूच्या टेकडीवर, पण दोन्ही गावांची. मेलेल्यांसाठी पूल ओलांडलेला चालतो. हेलनबरोबर मेणबत्त्या घेऊन गेलो. हेलन पाणी आणायला नळावर गेली आणि इर्मामावशी थडग्यांमधून थेट माझ्याकडे. वाट बघत होती.

"पाहिलंस?"

"काय, मावशी?"

"माझ्याशी शाळामास्तर होऊ नकोस. दोन फिल्म आहेत तुझ्याकडे. तू पाहिलं नाहीस असं होणारच नाही."

मी मेणबत्ती लावत राहिलो. वारा विझवत राहिला.

"जूनमध्ये निवृत्ती आहे. जेवणाचा हॉल सांगून झालाय. घड्याळ देणार आहेत. सात महिने, रे! सामने तर आणखी थोडेच. घरी मी सांभाळते. मोजे मी काढून ठेवते, कार्ड मी खिशात घालते."

"डॉक्टर?"

"डॉक्टर कोण? सत्तावीस नंबर! तो काय सांगणार त्याला? तो अजून कोच म्हणून उठून उभा राहतो." मग हळूच, "तो स्वतः म्हणाला मला, इर्मा, मला काढा म्हणून. ऑगस्टमध्ये. मी म्हटलं, झोप. शाळेतही गेला होता सांगायला. हसले. म्हणाले, कोच, तुम्ही आम्हा सगळ्यांना पुरून उराल."

हेलन पाणी घेऊन आली. मावशीने लगेच सूर बदलला. "बघ गं, तुझा नवरा किती वाळलाय! नूडल-कोबी करतेस की नाही? नुसती पुस्तकं खायला घालतेस?"

जाताना माझ्या कोटाची बाही धरली. घट्ट. 

गुरुवार, ३ नोव्हेंबर

एक गोष्ट आठवली. चौसष्ट साल. माझ्या पायांची ठेवण चुकायची — पास असला की उजवी टाच आधीच उचलली जायची. समोरच्यांना कळायचं. दुसऱ्या कोचने मला बाजूला, कपाटांमागे नेऊन सांगितलं. व्हार्गोने ऐकलं. दोघांना बाहेर हाकललं, सगळ्या संघासमोर मला उभं केलं, आणि त्या टाचेसाठी तीन वेळा लोळवलं. वर म्हणाला, "चूक मैदानावर दाखवायची. कोपऱ्यात सांगितली की ती चहाडी होते."

टाच पुन्हा उचलली नाही.

त्याला मैदानावर दाखवायची? चार हजार माणसांसमोर? तो सतरा वर्षांचा नाही.

आज दुसरा कागद लिहिला. एकच ओळ. डाव्या खिशात ठेवला. उजव्या खिशात पेन्सिली. दिवसभर डावा हात खिशाबाहेर काढला नाही. तिसऱ्या तासाला एका मुलीने विचारलं, सर, हात दुखतोय का?

शुक्रवार, ४ नोव्हेंबर. सकाळ

डॉमला अजून सांगता येईल. दुपारी दोनपर्यंत. एकपर्यंत. कागद आहे. बस साडेपाचला.

शनिवार, ५ नोव्हेंबर

लिहायला हवं. क्रमाने.

सामना त्यांच्या मैदानावर. मी प्रेक्षकांच्या वर, लाकडी खोपटात. समोर काच, कानाला फोन, फोनचं दुसरं टोक खाली डॉमच्या बाकाजवळ. कागद खिशात. सांगितलं नव्हतं.

पहिल्या बारा चाली आल्या, जशा यायच्या तशा. त्यानंतर थोडा वेळ — काय सांगू! तो खरंच खेळला. जुना व्हार्गो. आमचा डावा कोपरा ढिला आहे हे त्याने दोन चालींत ओळखलं आणि तिथूनच घुसला. त्यांचे सात गुण तेव्हाचे. मला वाटलं, चुकलो मी. किती बरं वाटलं!

मध्यंतराला तेरा-सात. आम्ही पुढे.

तिसरा भाग. दुर्बिणीत तो दिसला. खिशातून कार्ड काढलं.

डावीकडून धाव. मधून धाव. खोटी धाव, छोटा पास. उजवीकडून धाव. चार चाली, मग आम्ही त्यांना अडवलं, चेंडू आमचा. फोन वाजला. डॉम नव्हता. धापा टाकत बर्नी.

"सर, हे मघाचंच चाललंय ना?"

"काय?"

"डावीकडून, मधून, खोटी धाव, उजवीकडून. सुरुवातीला हेच होतं. असंच्या असं! मला आठवतंय, सर. पुढे मधून दोनदा आणि मग लांब पास. हो ना?"

एवढी मोठी माणसं, पेपरवाले, पंच — आणि कळलं कुणाला तर ह्याला. कार्डांशिवाय.

मी म्हणालो, "नाही. योगायोग आहे."

"पण सर—"

"एक यार्ड उरला की ते मधूनच येतात. कागदावर आहे. तू आपली जागा धर."

"बरं, सर."

बरं, सर. तेवढंच. त्याने विश्वास ठेवला.

त्यांची पाळी आली. पाचवी, मधून. चार यार्ड. सहावी, मधून. पाच. तिसरा प्रयत्न, एक यार्ड बाकी. बर्नी पुढे सरकला, मी सांगितलं तिथे. मागे सगळं रान मोकळं. माझा अंगठा फोनच्या बटणावर होता. दाबायचं आणि म्हणायचं — मागे! एकच शब्द. व्हार्गो रेषेवर कार्डाकडे बघत उभा. ओठ हलत होते, पोरं मोठ्याने वाचायला शिकताना हलतात तसे.

मी दाबलं नाही.

चेंडू बर्नीच्या डोक्यावरून गेला. तो मागे वळून धावला. वळतानाच वर माझ्या काचेकडे बघितलं असं मला वाटलं — इतक्या लांबून नसेल बघितलं. त्यांच्या पोराने चालता चालता झेलला. चौदा-तेरा. पुढे कुणाचेच गुण झाले नाहीत.

खाली उतरलो. डॉम बाकावर लाथा घालत होता. "एक यार्ड! एका यार्डाला लांब पास! कोण टाकतं असं? तू सांग, प्रोफेसर, कोण टाकतं?" मी म्हटलं, कुणी नाही. बर्नी डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. मी त्याच्या पुढून निघून गेलो. 

मैदानाच्या मध्यावर हात मिळवायची रीत. डॉमने मिळवला आणि निघून गेला. मग मी. व्हार्गोने माझा हात सोडला नाही. हात गार. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"बघितलं नाहीस तू?"

"काय, कोच?"

डोळ्यांत काहीतरी आलं आणि गेलं. मला वाटलं, पुन्हा हरवला कुठेतरी.

"काही नाही, चोपन्न," म्हणाला. "जा घरी."

तेवढ्यात लोक धावत आले आणि त्याला खांद्यांवर उचललं. बँड, आरडाओरडा. ध्वनिक्षेपकावरून शाळेचा अध्यक्ष ओरडत होता — जून विसरा, कोच आणखी दोन वर्षं आपल्याकडे! वर पाय लोंबकळत होते, टोपी पडलेली. पकडून नेताना माणूस मागे बघतो तसा तो मागे बघत होता. माझ्याकडे असावं.

मी हात वर केला. मला वाटलं, मी त्याला वाचवलं.

रविवार, ६ नोव्हेंबर

पेपरात पहिल्या पानावर. 'एक यार्ड बाकी — आणि व्हार्गो!' दोन वर्षांची मुदत पक्की. गावाने त्याच्या नावाचा फलक लावायचं ठरवलं आहे.

इर्मामावशीचा हेलनला फोन. रडत होती. हेलनला वाटलं, आनंदाने.

तळघरात गेलो नाही. आता कुणाचीच फिल्म बघायची नाही. बर्नी दुपारी रस्त्यावर दिसला, बापाबरोबर जुनी मोटार ढकलत. थांबलो नाही.

सोमवार, ७ नोव्हेंबर

डबे परत द्यायला पुलावर गेलो. कुणी आलं नाही. तिसऱ्या डब्याची पट्टी थंडीने एका बाजूला सुटली होती. ओढली. दहा सेकंदांचं काम.

आत फिल्म नाही. रिकामं रीळ आणि बारा चालींचं कार्ड. मागे त्याचं ठसठशीत अक्षर, पेन्सिल, दोनदा गिरवलेलं —

'चोपन्न. बारा झाल्या की मी पुन्हा पहिलीवर जातो. तेव्हा कळत नाही, नंतर फिल्ममध्ये दिसतं. इर्मा ऐकत नाही, शाळा हसते. शुक्रवारी मला अडव. सगळ्यांसमोर. मैदानावर.'